ड्राय नीडलिंग: सुईच्या उपचाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यातल्या फोंड्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे कुंडईच्या कारखान्यांत दिवसभर उभे राहणारे येतात, शाळेतल्या शिक्षिका येतात, काजूच्या बागेत वाकून वाकून कंबर धरलेल्या सत्तरी तालुक्यातल्या बायका येतात, आणि शिगमो (आमच्याकडचा होळीचा सण) संपला की ढोल वाजवून खांदा भरून आलेली पोरं येतात. सुईचं नाव काढलं की प्रत्येकाच्या मनात प्रश्न उभे राहतातच. पण ते विचारले जातात टेबलावर पालथं झोपल्यावर, पाठ उघडी असताना. तेव्हा धड विचारताही येत नाही आणि धड ऐकूही येत नाही. म्हणून ही उत्तरं घरी बसून सावकाश वाचता येतील अशी लिहिली आहेत. वाचून सुई नको वाटली तर तसं सांगा. दुसरे उपाय आहेत.

ड्राय नीडलिंग म्हणजे नेमकं काय करतात?

दुखणाऱ्या स्नायूत बोटांनी चाचपून एक ताठ, दोरीसारखी लागणारी रेघ शोधायची, त्या रेघेतली सर्वांत हुळहुळी जागा (हिलाच गाठ किंवा ट्रिगर पॉइंट म्हणतात) पकडायची, आणि तिथे अतिशय बारीक सुई घालायची. सुई कधी काही सेकंद आतबाहेर हलवून काढून घेतात, कधी काही मिनिटं तशीच ठेवतात. बस, एवढंच.

सुई किती बारीक? आपण साधारणपणे ०.२५ ते ०.३० मिलिमीटर जाडीची वापरतो. रक्त तपासायला काढतात ती सुई ०.८ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि पोकळ असते. तिचं टोक तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे ती कातडी कापत आत जाते. ही सुई भरीव आणि निमुळती असते, ती तंतू बाजूला सारत जाते. लांबी स्नायूप्रमाणे बदलते. मानेला छोटी पुरते, कुल्ल्याच्या जाड स्नायूला मोठी लागते.

'ड्राय' का म्हणतात? मग 'ओली' सुई पण असते का?

हो, एका अर्थी असते. सुरुवातीला डॉक्टर अशा गाठींमध्ये बधिर करणारं औषध टोचत. अमेरिकेतल्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी १९४०च्या दशकापासून यावर खूप काम केलं. पुढे त्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर झाल्या, आणि केनेडींचं पाठीचं दुखणं तर जगजाहीर होतं. नंतर लक्षात येऊ लागलं की गुण केवळ औषधाचा नाही, सुई बरोब्बर जागी लागण्याचाही आहे. १९७९ मध्ये कारेल लेव्हिट या झेक डॉक्टरांनी औषधाशिवाय नुसत्या सुईने स्नायूंचं दुखणं उतरतं, असं आपल्या रुग्णांवरून मांडलं. सुईतून काहीच सोडायचं नाही, म्हणून ती कोरडी.

तेव्हा 'डॉक्टर, इंजेक्शनात काय घातलं?' याचं उत्तर: काहीही नाही. स्टेरॉइड नाही, व्हिटॅमिन नाही, पेनकिलर नाही.

म्हणजे हे अ‍ॅक्युपंक्चरच की!

सुई तीच. विचार वेगळा. अ‍ॅक्युपंक्चर ही चीनची जुनी वैद्यकपद्धती आहे. तिच्यात शरीरातून वाहणाऱ्या ऊर्जेच्या वाटा आणि त्यावरचे ठरावीक बिंदू मानतात, आणि त्या बिंदूंवरून झोप, पचन, डोकेदुखी अशा अनेक गोष्टींवर उपचार करतात. आम्ही स्नायूंची रचना, नसांचे मार्ग आणि हाताला लागलेली गाठ यांवरून जागा ठरवतो, आणि स्नायू आणि सांध्यांच्या दुखण्यापलीकडे जात नाही. काही जागा दोन्हीकडे सारख्याच येतात, यात लपवण्यासारखं काही नाही. अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांनी शतकानुशतकं सुई हाताळली आहे आणि ती हाताळण्याचं कसब आपण त्यांच्याकडूनच घेतलं, हे मान्य करायला हवं.

ट्रिगर पॉइंट म्हणजे ती गाठच ना? ती एक्स-रेत का दिसत नाही?

एक्स-रेत हाडं दिसतात. ही जागा स्नायूत असते, आणि ती मांसाचा गोळा नसून आखडून राहिलेला छोटा भाग असतो. पूर्वीपासून आपण म्हणतो ना, 'मान धरली', 'पाठीत भरलं', त्यातला बराचसा प्रकार हाच. तिचा एक विचित्र स्वभाव आहे: गाठ एकीकडे आणि कळ दुसरीकडे. १९३८ मध्ये लंडनला डॉ. केल्ग्रेन यांनी स्वतःच्या आणि स्वयंसेवकांच्या स्नायूंत खारं पाणी टोचून पाहिलं, तर दुखणं टोचल्या जागेपासून लांब उमटलं.

एक उदाहरण सांगते. दिचोलीकडचा एक मुलगा शिगम्यानंतर आला. उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला कळ, तिथून दंडात उतरणारी. दोन महिने तो खांद्याच्या पुढेच मलम चोळत होता. एक्स-रे स्वच्छ. मी त्याला पुढे हात न लावता मागे, खांद्याच्या फऱ्यावर दाबत गेले. फऱ्याच्या मधोमध एका जागी बोट टेकलं आणि तो ताडकन म्हणाला, "हीच! हीच ती कळ! पण ती पुढे कशी येते?" फऱ्यावरचा तो स्नायू दंड बाहेर वळवतो आणि टिपरू मारणाऱ्या हाताला आवरतो. चार-पाच रात्री सलग ढोल वाजवल्यावर तोच दमला होता. दुखत होतं पुढे, बिघाड मागे. अशी 'ओळखीची कळ' दाबल्यावर उमटली की मला खात्री वाटते की आपण योग्य दारावर आलो आहोत.

खूपदा दिसणाऱ्या जोड्या अशा: मानेच्या आणि खांद्याच्या मधल्या स्नायूतून कानशिलात डोकेदुखी, कुल्ल्याच्या खोल स्नायूतून पायाच्या बाहेरच्या बाजूने घोट्यापर्यंत कळ, पोटरीतून टाचेत दुखणं.

आता दुसरी बाजूही सांगते. ट्रिगर पॉइंट हा सगळ्यांना मान्य असलेला सिद्धांत नाही. दोन तपासनिसांची बोटं प्रत्येक वेळी त्याच जागी पडतातच असं नाही, आणि गाठीत दुखण्याचं मूळ आहे की मज्जासंस्था अतिसावध झाल्यामुळे ती जागा हुळहुळी होते, यावर संशोधकांमध्ये जोरदार वाद आहेत. मी रोज बोटांनी ज्या गोष्टी चाचपते त्या मला खऱ्या वाटतात, पण त्यांचं स्पष्टीकरण अजून पक्कं झालेलं नाही.

दुखतं का? खरं सांगा.

कातडीतून सुई जाताना बहुतेकांना कळतही नाही. गाठीला लागते तेव्हा मात्र कळतं. स्नायू आतल्या आत एकदा झटकन उडतो. मानशीवर (खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर) गळ टाकून बसलेल्या माणसाला मासा ठोकर देतो तेव्हा दोरीतून हाताला जे जाणवतं, अगदी तसंच मला सुईच्या मुठीतून जाणवतं. तुम्हाला ती एक सेकंदाची चमक वाटते, पाठोपाठ जड, ठसठसतं, दाबल्यासारखं दुखणं, आणि बऱ्याचदा तीच तुमची नेहमीची कळ. मग ते ओसरतं.

मी शिकत असताना माझ्या स्वतःच्या खांद्यावर सुया घेतल्या आहेत, आणि आजही नवीन जागा शिकले की आधी स्वतःवर करून घेते. म्हणून 'अजिबात दुखत नाही' असं मी कोणालाच सांगत नाही. सहन होतं, आणि 'बस' म्हणालात की तिथेच सुई बाहेर येते.

स्नायू उडालाच पाहिजे, नाहीतर पैसे वाया, असंही काही नाही. काही जणांत तो उडत नाही, तरी आराम पडतो.

सुईने आत होतं तरी काय?

झटका बसला की आखडलेली रेघ सैल पडते, हे हाताला लगेच लागतं. त्या जागी रक्तपुरवठा वाढतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डॉ. जय शाह आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अतिशय बारीक सुईने दुखऱ्या गाठीतला द्रव ओढून तपासला, तेव्हा त्यात वेदना वाढवणारी रसायनं शेजारच्या निरोगी स्नायूपेक्षा जास्त सापडली. सुईने स्नायू उडाल्यावर त्यांतली काही कमी होताना दिसली. शिवाय टोचल्याची संवेदना मणक्यातल्या मज्जारज्जूत आणि मेंदूत पोचते आणि तिथून वेदनेचा आवाज थोडा खाली येतो. यातला कुठला भाग किती, हे कोणी ठामपणे सांगत असेल तर तो जरा घाईच करतो आहे.

खरंच गुण येतो, की मनाचे खेळ?

२०१७ मध्ये फिजिओथेरपिस्टांनी केलेल्या ड्राय नीडलिंगवरचे अनेक प्रयोग एकत्र करून तपासले गेले. निष्कर्ष असा: काहीच न करणं, किंवा टोचल्याचं नुसतं सोंग करणं, यापेक्षा खऱ्या सुईने दुखणं जास्त कमी होतं, आणि हा फायदा तीन महिन्यांपर्यंत दिसतो. पण पुरावा कमकुवत ते मध्यम प्रतीचा, आणि त्यापुढच्या काळात फायदा टिकतो असं दाखवता आलेलं नाही.

टाचदुखीवर ऑस्ट्रेलियात २०१४ साली ८४ जणांवर प्रयोग झाला. आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकतानाची कळ खऱ्या सुईच्या गटात खोट्या सुईपेक्षा जास्त उतरली. पण त्या गटात टोचलेली जागा दुखणं, काळंनिळं होणं असे किरकोळ त्रासही जास्त होते. दिवसभर फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या शिक्षिकांना मी हा प्रयोग सांगते, दोन्ही बाजूंनी.

थोडक्यात, सुई दुखणं कमी करते, काही आठवड्यांसाठी. त्या आठवड्यांत काय करायचं ते पुढे लिहिलं आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर तेच आहे.

कशाकशावर उपयोगी?

मानदुखी आणि तिच्यामुळे होणारी डोकेदुखी, खांदा, कोपराच्या बाहेरचं दुखणं, कंबर आणि कुल्ला, पोटरी, टाच. फुटबॉल खेळणाऱ्यांच्या मांडीत आणि पोटरीत आखडलेले स्नायू. जबडा आवळून धरण्याची सवय असलेल्यांचं गालातलं दुखणं.

गुडघ्याच्या झिजेवर सुई झीज भरून काढत नाही. सरकलेली गादी जागेवर आणत नाही. भोवतालचा ताठरपणा कमी करून थोडा आराम देऊ शकते, त्याहून जास्त आशा धरू नका.

कुठलं दुखणं घेऊन तुमच्याकडे येऊच नये?

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आणि घाम: १०८ ला फोन करा, कोणत्याही फिजिओकडे जाऊ नका. लघवी किंवा शौचावरचा ताबा अचानक गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल उचलत नाही असं झालं, तर त्याच दिवशी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या जिल्हा इस्पितळात जा. एकाच पोटरीला सूज, लाली आणि दुखणं असेल तर ती रक्ताची गुठळी असू शकते, ती चोळायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. ताप, विनाकारण घटलेलं वजन, आधी झालेला कर्करोग, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पडल्यानंतरचं दुखणं: आधी डॉक्टर.

सुई फुफ्फुसात जाते असं ऐकलंय.

घडू शकतं. क्वचित, पण घडू शकतं, आणि याच कारणासाठी हा उपचार कुणीही शिकल्यासवरल्याशिवाय करू नये. फुफ्फुसाचं टोक हासळीच्या हाडाच्या थोडं वरपर्यंत येतं, आणि फासळ्यांच्या मधल्या जागेतून आत गेलेली सुई फुफ्फुसाच्या आवरणाला भोक पाडू शकते. म्हणून खांद्याचा वरचा स्नायू आम्ही चिमटीत धरून छातीपासून उचलतो आणि सुई चिमटीच्या आतच ठेवतो. त्या ढोलवाल्या मुलाचा स्नायू फऱ्याच्या हाडावर पसरलेला होता, तिथे स्नायूखाली हाडाची ढाल असते, म्हणून ती जागा तुलनेने निर्धास्त. मात्र काही माणसांच्या फऱ्याच्या हाडालाही जन्मजात भोक असतं, हे लक्षात ठेवून तिथेही सुई तिरकी घालायची.

मान, खांदा, छाती, पाठीचा वरचा भाग यांत सुया झाल्यावर दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, कोरडा खोकला सुरू झाला, तर 'सुई दुखतेय' म्हणून बसू नका. हे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतं. सरळ इस्पितळात जा, सुया कुठे झाल्या ते सांगा, छातीचा एक्स-रे काढायला सांगा, आणि मलाही कळवा. डायव्हिंगचं काम करणाऱ्यांनी किंवा दुसऱ्या दिवशी विमानाने आखाताकडे निघणाऱ्यांनी आधी सांगावं, आपण त्या भागाला सुई लावणार नाही.

नेहमीचे त्रास याहून फार साधे. आयर्लंडमधल्या ३९ फिजिओथेरपिस्टांनी आपल्या ७,६२९ उपचारांची नोंद ठेवली, ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. साधारण १९ टक्के वेळा किरकोळ त्रास झाला: काळंनिळं होणं, थेंबभर रक्त, दुखणं. गंभीर असं त्यात काही नोंदलं गेलं नाही.

मला काय काय सांगायला हवं?

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती, नावासकट. गोळी स्वतःहून बंद करून येऊ नका, आपण वरवरच्या स्नायूंत काम करू किंवा सुईच टाळू. मधुमेह, आणि पावलं बधिर असतील तर तेही. गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर. फिट येत असतील तर. पेसमेकर, सांध्यातला कृत्रिम भाग. निकेलची अ‍ॅलर्जी, म्हणजे खोटे दागिने घातले की खाज येते ना, ती. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सुई लावायची नाही.

आणि आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक: ताप येऊन गेला असेल तर सांगा. डेंग्यूत रक्तातल्या प्लेटलेट खाली येतात. बरं वाटायला लागलं तरी डॉक्टरांनी प्लेटलेट ठीक म्हटल्याशिवाय सुई नाही.

चक्कर येते का?

काहींना येते. व्यवसायाच्या पहिल्या वर्षी माझ्याकडून एक चूक झाली. सकाळची वेळ होती, एक गृहस्थ उपवास धरून आले होते आणि मी जेवणखाण विचारलंच नाही. शिवाय खांद्याला सुया त्यांना खुर्चीवर बसवूनच लावल्या. तिसऱ्या सुईला त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, कपाळावर घाम, आणि ते माझ्या अंगावर कलंडले. सुया काढून त्यांना आडवं केलं, पाय उंच ठेवले, दोन मिनिटांत शुद्धीवर आले. इजा झाली नाही, पण सुई आत असताना माणूस पडला असता तर काय झालं असतं, हा विचार मला अनेक दिवस झोपू देत नव्हता. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक जण झोपूनच सुया घेतो, आणि पहिला प्रश्न असतो: काय खाऊन आलात? वाटीभर पेज, चपाती-भाजी, पाव, काहीही चालेल. उपाशी नको. एकादशी असेल तर दुसऱ्या दिवशी या.

सुया नव्याच आहेत कशावरून?

बघून घ्या. पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातं. त्यावर निर्जंतुक केल्याची खूण आणि मुदतीची तारीख असते. वापरलेली सुई पांढऱ्या, अर्धपारदर्शक, भोक न पडणाऱ्या डब्यात जाते; २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत धारदार वस्तूंसाठी तोच डबा सांगितला आहे. मोजून लावलेल्या सुया मोजून काढतात, हे मोठ्याने करायला सांगा. 'तुमचीच सुई पुढच्या वेळी वापरू, जपून ठेवतो' असं कुठेही कोणी म्हटलं तर तिथून उठा.

किती वेळा यावं लागेल?

आठवड्याला एकदा, अशा दोन-तीन वेळांत काहीच फरक नसेल तर मी सुई थांबवते आणि दुखण्याचा पुन्हा मुळापासून विचार करते. फरक असेल तर बहुधा चार ते सहा वेळा. पुढे लागली तर एखादी. वर्षभराचं पॅकेज मी देत नाही, कारण वर्षभर सुया लागणार असतील तर माझं निदान चुकलं आहे.

घरी गेल्यावर काय करायचं, काय नाही?

एक-दोन दिवस ती जागा जोर काढल्यासारखी दुखते. गरम पाण्याची पिशवी चालते. हात-पाय हलते ठेवा, झोपून राहू नका. जागेवर फेणी चोळायची सवय बऱ्याच घरांत आहे. त्या दिवशी नको. जोराचं मालीशही नको. आंघोळ चालेल, पण समुद्रात, नदीत किंवा तळीत बुडी दुसऱ्या दिवशी मारा. येताना दारू पिऊन येऊ नका, आणि त्या रात्रीही टाळा. काळंनिळं झालं तर आठवड्याभरात जातं. दोन दिवसांनी दुखणं वाढतच गेलं, जागा लाल आणि गरम झाली, ताप आला, तर कळवा.

सुई घेतली, बरं वाटलं. आता व्यायाम कशाला?

सत्तरी तालुक्यातल्या एका मावशींची गोष्ट सांगते. मार्च ते मे, काजूचा हंगाम. पहाटे बागेत जायचं, पडलेली बोंडं वाकून वेचायची, बी काढायची, पाटी भरून आणायची. कुल्ल्यापासून घोट्यापर्यंत कळ यायची, आणि शेजारीपाजारी सगळ्यांनी 'सायटिका' म्हणून शिक्का मारलेला. नसेच्या तपासण्या ठीक होत्या, कुल्ल्याच्या बाहेरच्या स्नायूत दाबलं की तीच कळ जशीच्या तशी उतरायची. "बाय, सुई नाका," म्हणत त्या तयार झाल्या, आणि उठल्यावर चालून पाहताना हसायलाच लागल्या. मी दोन व्यायाम सांगितले, त्या हो म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी पुन्हा दारात. पाय हलका झाला म्हणून दुसऱ्याच दिवशी पहाटेपासून दुपारपर्यंत त्यांनी राहिलेली सगळी बाग वेचून काढली होती. चूक त्यांची नव्हती. दुखणं थांबलं की कष्टाचा माणूस कामालाच लागणार. चूक माझी होती, मी व्यायाम सांगितले पण कामाबद्दल बोललेच नाही.

मग आम्ही बसून कामाचं बोललो. टोकाला खिळा लावलेल्या काठीने उभ्या उभ्या बोंडं टोचून उचलायची. अर्ध्या पाटीच्या दोन खेपा. तासाभराने पाच मिनिटं ताठ उभं राहून चालायचं. घरी पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, कंबर उचलायची, दहा वेळा. पडवीच्या पायरीवर एक पाय ठेवून चढायचं-उतरायचं, दहा वेळा, हात भिंतीला. दुसरी सुई आठवड्याने लावली, तिसरी लागली नाही. पुढच्या हंगामात त्या आल्या त्या काजूची पिशवी घेऊन, कंबर घेऊन नव्हे.

स्नायू आखडतो कारण त्याच्या ताकदीपेक्षा जास्त काम त्याच्यावर पडतं, किंवा तो तासन् तास एकाच जागी अडकून राहतो. पेडण्याहून वेर्ण्यापर्यंत रोज दुचाकी चालवणारा, संगणकापुढे मान खाली घालून बसणारी, आदोळीवर बसून चतुर्थीचे नारळ खवणारी, सगळ्यांचं तेच. सुई दुखणं उतरवून काही दिवस मोकळे करून देते. त्या दिवसांत ताकद वाढवली नाही आणि काम करण्याची रीतही बदलली नाही, तर गाठ पुन्हा तिथेच येते. म्हणून माझ्याकडच्या पाऊण तासात सुईचा वेळ दहा-पंधरा मिनिटांचाच असतो. नुसती सुई लावून द्या म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणते, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नये ही विनंती.

सुईला मशीन जोडतात ते काय?

दोन सुयांना विजेचा अगदी सौम्य प्रवाह देतात, स्नायू लयीत थरथरतो. काहींना बरं वाटतं. पेसमेकर असणाऱ्यांना नाही, गरोदरपणात नाही.

हा उपचार कोणाकडून घ्यावा?

फिजिओथेरपीची पदवी, आणि त्यावर ड्राय नीडलिंगचं प्रत्यक्ष हाताने शिकलेलं प्रशिक्षण. दोन्ही विचारा. 'कुठे शिकलात, किती दिवस, ही जागा आधी किती जणांना केलीत?' हे विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही. फिजिओथेरपी आता २०२१च्या केंद्रीय कायद्याखाली नियमन होणाऱ्या व्यवसायांत आहे. व्हिडिओ पाहून ऑनलाइन सुया मागवून घरी टोचून घेणारेही मला भेटले आहेत, त्यातला एक जण मानेला. कृपा करून असं करू नका.

मला सुईची भीतीच वाटते. दुसरं काही?

आहे. बोटाने दाबून धरणं, ताणाचे व्यायाम, शेक, आणि ताकदीचे व्यायाम यांनीही पुष्कळ जण बरे होतात, थोडा वेळ जास्त लागतो इतकंच. भीतीने अंग आवळलेल्या माणसाला सुई लावण्यात अर्थ नाही. घरच्यांनी आग्रह केला म्हणून हो म्हणू नका. लहान मुलांना मी सुई लावत नाही.

पहिल्या दिवशी काय घेऊन यायचं?

चालू गोळ्यांची पाकिटं, चिठ्ठी नव्हे, पाकिटंच. जुने रिपोर्ट असतील तर ते. सैल कपडे, बायकांनी मागून उघडणारा ब्लाउज किंवा बिनबाह्यांचा टॉप घातला तर खांदा झाकपाक करून तपासता येतो, आणि सोबत घरची बाई आत बसली तरी चालते. पोटात काहीतरी असू द्या. पहिल्या दिवशी बहुतेक वेळ तपासणीत जातो, सुई लागेलच असं नाही. लागली तर एक-दोनच, तुमचं शरीर कसं घेतं ते बघायला. दुचाकीवरून लांबून येणार असाल तर त्या दिवशी मागे बसून या, कोणाला तरी चालवायला घेऊन.